उपाशीपोटी इन्सुलिन किती, यापेक्षा जेवल्यावर ते वेळेवर येतं का?

"डॉक्टरसाहेब, माझं फास्टिंग इन्सुलिन ६ आलंय. दहाच्या आत म्हणजे चांगलं ना? मग आता गोळ्या बंद करू का?"

जालन्यात प्रॅक्टिस करताना गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. विचारणाऱ्यांत व्यापारी असतात, स्टील कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार असतात, शिक्षक असतात आणि भोकरदन-घनसावंगीकडून येणारे शेतकरीही असतात. रिपोर्ट हातात असतो, चेहऱ्यावर आशा असते, आणि बऱ्याचदा त्याच दिवशीची उपाशीपोटीची शुगर १७० असते.

म्हणून आज माझं मत स्पष्टच सांगतो. मधुमेह झालेल्या बहुतेक रुग्णांसाठी उपाशीपोटीच्या इन्सुलिनचा एकटा आकडा फारसा कामाचा नाही. या आजाराची खरी गोष्ट जेवणाच्या आधी आणि जेवणाच्या नंतर, अशा दोन वेळा बघितल्याशिवाय कळत नाही. आणि त्या एका आकड्यावर विसंबून जेवणाच्या वेळा बदलायच्या, पण गोळ्या मात्र होत्या तशाच चालू ठेवायच्या, हे धोक्याचं आहे. असं का म्हणतो ते पुढे सांगतो.

इन्सुलिन हा शब्द घराघरात कसा आला?

याचं श्रेय दोन डॉक्टरांना दिलंच पाहिजे. नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर नेला. दिवसातून दोनदाच जेवा, जेवण ५५ मिनिटांत संपवा, मधल्या वेळेत तोंडात काही टाकू नका, रोज चाला. यामागचं कारण त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं: प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन स्रवतं, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा. दुसरीकडे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने थोडं थोडं खाण्याचा सल्ला दिला. मग काय, एकाच घरात दोन पक्ष झाले. सासूबाई दोन वेळांच्या आणि सूनबाई दर दोन तासांच्या!

या चर्चेचा मोठा फायदा झाला. दिवसभर चहा-बिस्किट, फरसाण, पुन्हा चहा अशी चरत राहण्याची सवय अनेकांनी सोडली. वजनं कमी झाली. हे मी माझ्या रुग्णांमध्ये पाहिलं आहे आणि त्याचं मला कौतुकच आहे. पण निरोगी किंवा जाड माणसासाठी सांगितलेली गोष्ट दहा वर्षांच्या मधुमेहीला जशीच्या तशी लागू होत नाही. कारण त्याच्या शरीरातल्या हार्मोन्सचं वेळापत्रकच बिघडलेलं असतं.

जेवणाआधी आणि जेवणानंतर शरीरात काय घडतं?

आपल्या मोंढ्याचं उदाहरण घ्या. बाजारात रोज नवा माल येतो, पण ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी गोदामातला माल काढून भागवावं लागतं. शरीरातलं हे गोदाम म्हणजे यकृत, म्हणजेच लिव्हर. रात्री आपण झोपतो, काही खात नाही, तरी मेंदूला साखर लागतेच. ती यकृत पुरवतं. गोदामाचं दार उघडण्याचं काम ग्लुकागॉन नावाचं हार्मोन करतं. इन्सुलिन त्या वेळी कमी असतं, पण शून्य नसतं. दार किती उघडं ठेवायचं यावर ते थोडक्यात लक्ष ठेवतं.

आता तुम्ही जेवायला बसलात. अन्न आतड्यात पोचताच आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही दोन हार्मोन्स निघतात आणि स्वादुपिंडाला वर्दी देतात की माल येतोय, तयार राहा. निरोगी माणसात स्वादुपिंड लगेच, पहिल्या काही मिनिटांतच, साठवून ठेवलेलं इन्सुलिन सोडतं. मग गरजेप्रमाणे पुढचं इन्सुलिन येत राहतं. त्याच वेळी ग्लुकागॉन खाली येतं, म्हणजे गोदामाचं दार बंद होतं. बाहेरून माल येतोय तर आतला कशाला काढायचा? म्हणून निरोगी माणसाने पोटभर जेवलं तरी दोन तासांत त्याची शुगर बहुधा १४० च्या आत असते.

म्हणजे जेवणानंतर तीन गोष्टी वेळेवर व्हाव्या लागतात: आतड्याची वर्दी, इन्सुलिनची पहिली लाट आणि ग्लुकागॉनची माघार.

मधुमेहात काय बिघडतं?

रक्तातलं इन्सुलिन मोजण्याची खात्रीची पद्धत न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. १९६० साली त्यांनी तिचे निष्कर्ष सविस्तर मांडले आणि सगळे चकित झाले. तोपर्यंत समज असा होता की मधुमेह म्हणजे इन्सुलिन संपलं. पण प्रौढ वयात मधुमेह झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात ग्लुकोज घेतल्यानंतर इन्सुलिन भरपूर सापडलं. ते असूनही शुगर जास्त होती, म्हणजे शरीर त्याला दाद देत नव्हतं. यालाच आज आपण इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतो. या पद्धतीच्या शोधासाठी यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते.

दुसरी गोष्ट १९७० मध्ये अमेरिकेतल्या रॉजर अंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवली. पिष्टमय जेवण केल्यावर निरोगी लोकांचं ग्लुकागॉन खाली आलं, मधुमेहींचं आलं नाही. म्हणजे बाहेरून भाकरीची साखर येतेय आणि आत गोदामाचं दारही सताड उघडं आहे. जेवणानंतरची शुगर २८० होते तेव्हा ती सगळी ताटातली नसते, त्यात तुमच्या यकृताने ओतलेलीही असते. "मी तर एकच भाकरी खाल्ली, मग एवढी शुगर कशी?" या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट आतड्याच्या वर्दीची. निरोगी माणसाला साखर शिरेतून दिली तर जेवढं इन्सुलिन स्रवतं, त्याच्या कितीतरी जास्त तीच साखर तोंडाने दिल्यावर स्रवतं. हा आतड्याच्या हार्मोन्सचा प्रताप. टाइप २ मधुमेहात हा परिणाम बराच घटतो, हे १९८६ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं. आज ग्लिप्टिन गटाच्या ज्या गोळ्या तुम्ही घेता, आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या ज्या इंजेक्शनांची सध्या सगळीकडे चर्चा आहे, ती याच धाग्यातून आलेली औषधं आहेत.

थोडक्यात, टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन कमी नसतं, ते उशिरा येतं. पहिली लाट जाते, शुगर चढते, आणि मागाहून इन्सुलिन धावत येतं. वर्षं जातात तसं स्वादुपिंड थकतं, आणि मग उशिरा येणारं इन्सुलिनही अपुरं पडू लागतं.

मग फास्टिंग इन्सुलिन ६ म्हणजे चांगलं की वाईट?

एकट्या आकड्यावरून सांगताच येत नाही. दोन माणसं घ्या, दोघांचंही उपाशीपोटीचं इन्सुलिन ६. पहिल्याची शुगर ८८ आहे. त्याचं थोडक्या इन्सुलिनमध्ये भागतंय, उत्तम. दुसऱ्याची शुगर १८० आहे. एवढ्या शुगरला त्याच्या स्वादुपिंडाने जास्त इन्सुलिन सोडायला हवं होतं, पण त्याला ते जमत नाही. पहिल्याचा ६ हा तब्येतीचा आहे, दुसऱ्याचा ६ हा थकव्याचा. कागदावर मात्र दोघांच्याही पुढे 'नॉर्मल' छापून येतं.

शिवाय वेगवेगळ्या लॅबच्या यंत्रांवर इन्सुलिनचे आकडे वेगळे येऊ शकतात. जो रुग्ण इन्सुलिनचं इंजेक्शन घेतो त्याच्या रिपोर्टमध्ये तर बाहेरून घेतलेलं इन्सुलिनही मिसळू शकतं. स्वतःचं स्वादुपिंड किती काम करतं हे खरंच बघायचं असेल तर सी-पेप्टाइड नावाची तपासणी असते. तीही सगळ्यांना लागत नाही, अगदी बारीक रुग्ण, तरुण रुग्ण किंवा गोळ्यांना अजिबात दाद न देणारे रुग्ण यांच्यात ती उपयोगी ठरते.

"मी तर बारीक आहे, मला कसला इन्सुलिन रेझिस्टन्स?" असंही अनेक जण विचारतात. याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळालं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्यातल्या नवजात बाळांची तुलना लंडनमधल्या गोऱ्या बाळांशी केली आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. आपली बाळं वजनाने सहाशे-सातशे ग्रॅमने हलकी होती, पण त्यांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन मात्र जास्त होतं. म्हणजे दिसायला बारीक, पण आतून चरबीकडे झुकणारी ही ठेवण आपण जन्मापासून घेऊन येतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर महत्त्वाचा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांचा ८० च्या आत असावा.

दोनदा जेवायचं की सहादा?

अभ्यास दोन्ही बाजूंनी वाचावेत, फक्त आपल्या बाजूचे नव्हे.

प्राग शहरात टाइप २ मधुमेहाच्या ५४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये आला. तेवढ्याच कॅलरी एकदा सहा छोट्या खाण्यांत आणि एकदा दोन मोठ्या जेवणांत दिल्या, प्रत्येकी १२ आठवडे. दोन जेवणांत वजन जास्त उतरलं, आणि उपाशीपोटीची शुगर व ग्लुकागॉन दोन्ही खाली आलं. दीक्षितांच्या बाजूचा मुद्दा झाला ना? पण थांबा. ती दोन जेवणं होती सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवण नव्हतंच. आपल्याकडे बहुतेक जण करतात ते उलट: सकाळचं बंद, आणि रात्री साडेनऊला पोटभर.

पुढच्याच वर्षी इस्रायलमधून २२ रुग्णांचा अभ्यास आला. न्याहारी टाळून थेट दुपारी जेवल्यावर त्याच रुग्णांची दुपारची आणि रात्रीची शुगर जास्त चढली, दुपारचं इन्सुलिन उशिरा आलं आणि जीएलपी-१ ही कमी पडलं. सकाळचं खाणं स्वादुपिंडाला जागं करतं, असं म्हणा ना.

आणि ब्रिटनचा डायरेक्ट नावाचा अभ्यास तर सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा. सहा वर्षांच्या आतला मधुमेह आणि जास्त वजन असलेल्या रुग्णांना काही महिने दिवसाला साधारण ८५० कॅलरींचा आहार दिला. एका वर्षाने ४६ टक्के रुग्णांची शुगर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा त्याहून जास्त वजन उतरवलं त्यांच्यात तर ८६ टक्क्यांची. अशा रुग्णांत इन्सुलिनची हरवलेली पहिली लाटही बऱ्याच अंशी परत आल्याचं दिसलं.

माझं मत यावरून असं झालं आहे: फायदा दोनच्या आकड्यात नाही. तो एकूण कमी खाण्यात, पोटावरची चरबी उतरण्यात आणि रात्रीचं जेवण लवकर व हलकं करण्यात आहे. दोन वेळा जेवून हे साधत असेल तर दोनदा जेवा. तीन वेळा साधत असेल तर तीनदा. सहा वेळा मात्र बहुतेकांना सांभाळता येत नाही, हेही तितकंच खरं.

खरा धोका इथे आहे

डायरेक्ट अभ्यासातली एक गोष्ट व्हाट्सअपवर कधी येत नाही. तिथे आहार बदलला त्याच दिवशी डॉक्टरांनी मधुमेहाच्या गोळ्या थांबवल्या होत्या. आपल्याकडे लोक न्याहारी सोडतात आणि न्याहारीआधीची गोळी मात्र इमानाने घेतात!

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. तुम्ही जेवलात की नाही, हे त्या गोळीला कळत नाही. जेवण नाही, वर शेतातलं काम किंवा भट्टीसमोरची पाळी. मग घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर बेशुद्धी. अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांमध्ये असे मधुमेही असतात: कडक उपवास, मैलोन् मैल चालणं, आणि सकाळची गोळी पोटात. आषाढी एकादशीला आणि रमजानच्या रोज्यातही हाच धोका. म्हाताऱ्या माणसांत आणि किडनी कमजोर असलेल्यांत तो आणखी मोठा.

उलटी बाजूही आहे. एकादशी, दुप्पट खाशी! उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि भगर खाल्ली की शुगर जेवणाच्या दिवसापेक्षा जास्त चढते.

म्हणून उपवास किंवा जेवणाच्या वेळांत बदल करण्याआधी आपल्या गोळ्या नावानिशी डॉक्टरांना दाखवा. साधारण समजण्यासाठी सांगतो. नुसती मेटफॉर्मिन किंवा ग्लिप्टिन गटाची गोळी असेल तर शुगर एकदम खाली जाण्याची भीती कमी असते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर डोस बदलावाच लागतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या, लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्या लांबच्या उपवासात किंवा उलट्या-जुलाबात चालू ठेवल्या तर रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढू शकतात, शुगर फार वाढलेली नसतानाही. आणि कोणतीच गोळी, विशेषतः इन्सुलिन, मनाने बंद करू नका.

शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. रुग्ण व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असेल तर साध्या साखरेचा गुण लवकर येत नाही. त्याला मेडिकलमधली साधी ग्लुकोज पावडर द्यायची, ती घरात ठेवाच. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या.

मग तपासायचं काय, करायचं काय?

इन्सुलिनच्या महागड्या पॅकेजऐवजी घरी ग्लुकोमीटर घ्या आणि शुगर जोडीने तपासा. एक जेवणाआधी, एक जेवणाला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी. हात धुतल्यापासून नव्हे, पहिला घास घेतल्यापासून! एक दिवस न्याहारीची जोडी, दुसऱ्या दिवशी दुपारची, तिसऱ्या दिवशी रात्रीची. वहीत लिहा, ताटात काय होतं तेही लिहा. बहुतेकांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य ठीक आहे. वयस्कर लोकांना थोडी सूट असते. दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा.

या जोडीतला फरक तुमच्या हार्मोन्सबद्दल पुष्कळ सांगतो. उपाशीपोटीचीच जास्त असेल तर रात्रभर गोदामाचं दार उघडं राहतंय. आधीची बरी आणि नंतरची चढलेली असेल तर पहिली लाट कमी पडतेय. दोन्हींचे उपचार वेगळे असतात, म्हणून ती वही मला कुठल्याही इन्सुलिन रिपोर्टपेक्षा मोलाची वाटते.

ताटात आधी काकडी, मुळा, मेथी, मग वरण-उसळ किंवा अंडं, आणि शेवटी भाकरी, भात. तेच जेवण या क्रमाने घेतल्यावर शुगर कमी चढते, हे अभ्यासांत दिसलं आहे. जेवणानंतर १५ मिनिटं अंगणात चाला. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर उचलतात. मोसंबी आपल्या जालन्याची शान आहे, ती खा, पण सोलून, फोडी करून, एक. ज्यूसच्या एका ग्लासात तीन-चार मोसंब्यांची साखर असते आणि चोथा तर गेलेलाच असतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या लोकांना एकच वेळापत्रक कसं चालेल? तुमच्या शेजाऱ्याला दोन जेवणं मानवली म्हणून तुम्हाला मानवतीलच असं नाही. त्याच्या गोळ्या वेगळ्या, त्याचं स्वादुपिंड वेगळं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नवा इन्सुलिन रिपोर्ट नेऊ नका. आठवडाभराच्या जोडीच्या शुगरची वही आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, आणि सरळ विचारा: "मी या वेळांना जेवतो, तर ही गोळी कधी आणि किती घेऊ?"